साडेतीन टन

ओन्नो, तुझं लायसन्स सापडलं.
राखाडी, कापडासारखं, घड्यांवर विरलेलं,
आत चौऱ्याहत्तर सालचा तू: मानेवर केस, नाकावर राग.
त्या चिटोऱ्यावर साडेसात टनांपर्यंत काहीही हाकायचास.
माझं कार्ड प्लास्टिकचं, अडतिसाव्या वर्षी काढलेलं.
त्यावर एकच बी, पेरलं तरी न उगवणारं.
बी म्हणजे साडेतीन टन.
त्यापुढे एक चमचासुद्धा नाही.

आणि अंगणात ती उभी,
स्वयंपाकघर, संडास, पलंग पोटात घेऊन,
गाभण गाईसारखी.

आधी सामान काढलं.
तुझी पान्यांची पेटी. बिडाचं भांडं. दुसरी खुर्ची.
मग पहिलीही.
सोसायटीच्या भुईकाट्यावर हाब्बोनंच नेली,
त्याच्याकडेही तुझ्यासारखाच राखाडी कागद.
बटाट्याच्या दोन ट्रॉल्यांमध्ये आमचा नंबर.
खाली उतरून तो केबिनमध्ये गेला, काचेतून ओरडला:
तीन हजार नऊशे दहा!
म्हणजे रिकामी.
म्हणजे तुझी एक चप्पलही आत नसताना.

मग विकायला काढली.
ओल्डेनबुर्गहून एक पोरगा आला, बायको, बाळ, रोख पैसे.
टायरांना लाथा मारून झाल्या, गादीवर लोळून झालं,
मी चहा ओतला, कपात खडीसाखर तडकली,
वरून साय सोडली, ढवळायचं नाही म्हणून बजावलं.
किल्ली हातात घेतल्यावर त्याला आठवलं,
त्याच्याही कार्डावर माझ्यासारखं एकटं बी.
हसलो सगळे. बाळही.
पैसे परत पाकिटात गेले.
त्या रात्री मी गाडीतच झोपले.
थंडी वाजली. तरी.

सी-वनच्या वर्गात माझ्या बाकावर
अग्निशमन दलाची पोरं, एकोणीस-वीसची.
त्यांना बंब चालवायचाय.
"आणि आजी, तुम्हाला?"
मी म्हटलं, पलंग.

डॉक्टरनं भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली,
कडेनं येणारे ठिपके मोजायला लावले,
साखर, रक्तदाब, चक्कर येते का, झोप लागते का.
शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, कुठे?
त्यानं काय लिहिलं ते दिसलं नाही.

त्यार्क्स मास्तर सांगायचे:
वळताना पुढचं सांभाळत बसू नका, पुढचं जातंच.
मागचं ढुंगण बाहेर फिरतं,
त्यानं लोकांच्या सायकली पडतात.

पहिल्यांदा नापास झाले.
गोल चौकात थांबले आणि थांबलेच,
सगळ्यांना आधी जाऊ दिलं, एका ट्रॅक्टरलाही,
मागे हॉर्न, आणि परीक्षक पेन्सिल चावतोय.
तू म्हणाला असतास, जा की आता.
दुसऱ्यांदा गेले.

नवं कार्ड पाच वर्षांपुरतं.
मग पुन्हा डोळे, पुन्हा साखर.
तुझ्यावर मुदतच लिहिलेली नव्हती.

काल स्वतः चालवत काट्यावर नेली.
टाकीत पाणी, गॅस, चहाचा डबा, एक खुर्ची,
पान्यांची पेटी (कुठला पाना कशाला, ते देव जाणे),
आणि मी, बूट घालून.
हाब्बोनं आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.
"चार हजार दोनशे नव्वद.
कागदावर चार आठशे आहे तुझी.
पाचशे दहा किलो अजून बसतात, गेशे.
काय भरणार?"
मागे बीटाची ट्रॉली हॉर्न वाजवत होती.
मी म्हटलं, आधी पावती दे.